मार्चमधली आंबोली : झाडांवरून पाऊस ओळखूया

आंबोली म्हणजे धो धो पाऊस, धुके आणि धबधबे, हे गडहिंग्लज परिसरातल्या मुलांना सांगावे लागत नाही. मार्चमध्ये तेथे यातले काहीच नसते. तरीही वर्गाची एक दिवसाची अभ्याससहल न्यायची झाली, तर आम्ही मार्चचा पहिला पंधरवडाच सुचवू. पावसाळ्यात सगळीकडेच हिरवे दिसते. कोठे किती पाऊस पडतो, हे झाडांवरून तेव्हा कळत नाही. ते कळते वसंतात.

डोंगरातले राष्ट्रीय उद्यानच पाहायचे, तर आपल्या भागात चांदोली आहे. २००४ साली त्याला हा दर्जा मिळाला. पण कोल्हापूर ओलांडून वारणेच्या खोऱ्यात जायचे आणि त्याच दिवशी परतायचे, तर निम्मा दिवस गाडीतच जातो. आंबोली साधारण ६० किलोमीटरवर आहे. ते राष्ट्रीय उद्यान नाही, पण सह्याद्रीचा माथा तोच. शिवाय हा रस्ता आपल्याच हिरण्यकेशी नदीच्या उगमाकडे जातो.

आंबोलीत वर्षाला सरासरी ७००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. गडहिंग्लजला त्याच्या पाचव्या हिश्श्याइतकाही पडत नाही. दोन्ही गावांच्या समुद्रसपाटीपासूनच्या उंचीत मात्र फार मोठा फरक नाही. मग हे कसे? अरबी समुद्रावरून येणारे बाष्पयुक्त वारे सह्याद्रीच्या भिंतीला अडतात आणि वर चढतात. वर चढणारी हवा प्रसरण पावते, थंड होते आणि तिच्यातल्या बाष्पाचे पाणी होते. आंबोली अगदी या भिंतीच्या काठावर आहे. माथा ओलांडून पूर्वेला उतरणारी हवा दाबली जाऊन तापते आणि कोरडी होत जाते. आपण या पर्जन्यछायेकडच्या बाजूला राहतो. म्हणजे महत्त्व नुसत्या उंचीला नाही, जागेला आहे.

आता झाडांकडे वळू. पानांवरच्या सूक्ष्म छिद्रांतून झाड सतत पाणी बाहेर टाकत असते. जमिनीतला ओलावा कमी झाला की हा खर्च परवडत नाही. म्हणून कमी पावसाच्या भागातली बरीच झाडे पाने गाळतात. पळस, पांगारा आणि काटेसावर यांच्या निष्पर्ण फांद्यांवर या दिवसांत लाल-केशरी फुले दिसतात. जास्त पावसाच्या जंगलात अंजनी आणि जांभळासारखी झाडे जाड, चकचकीत पाने धरून असतात. ती पाने गाळत नाहीत असे नाही. सगळी एकदम गाळत नाहीत, इतकेच.

सहलीत करायचा प्रयोग सोपा आहे. तीन थांबे घ्यावेत : गडहिंग्लजबाहेरचे माळरान, आजरा परिसर आणि आंबोलीचे जंगल. प्रत्येक ठिकाणी ओळीने येतील ती २० झाडे पाहावीत आणि तीन रकान्यांत नोंद करावी : निष्पर्ण, कोवळी पालवी, जुनी हिरवी पाने. झाडाचे नाव माहीत नसले तरी अडत नाही. निघण्यापूर्वी प्रत्येक गटाने आपला अंदाज वहीत लिहून ठेवावा.

दोन गोष्टी मुलांना फसवतील. पहिली, ऊस. गडहिंग्लजच्या शिवारातला हिरवा ऊस पावसाचा नव्हे, तर बंधाऱ्यांत अडवलेल्या पाण्याचा पुरावा आहे. दुसरी, नदीकाठची झाडे. त्यांच्या मुळांना वर्षभर ओल मिळते. आजऱ्याला रामतीर्थावर डबे खायला हरकत नाही. पण झाडे मोजायची ती नदीपासून दूर जाऊन. मोजायचे काय आणि वगळायचे काय, हे ठरवणे हाही विज्ञानाचाच धडा आहे.

आंबोलीत हिरण्यकेशीचा उगम जरूर दाखवावा. गेल्या पावसाळ्यात जांभ्या खडकात मुरलेले पाणी तेथे हळूहळू बाहेर येते. याच पाण्यातल्या एका छोट्या माशाची नवी जात म्हणून नोंद २०२० साली झाली आणि तिला नदीचेच नाव मिळाले. २०२१ साली ही जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर झाली. म्हणून कुंडात पाय, साबण किंवा खाऊ नको.

सुरक्षिततेबाबत एक गोष्ट विसरता कामा नये. गोचिडांमुळे पसरणाऱ्या माकडतापाचे रुग्ण २०१६ साली सिंधुदुर्ग जिल्ह्यातल्या दोडामार्ग तालुक्यात आढळले होते. या रोगाचा जोर जानेवारी ते मे या कोरड्या महिन्यांतच असतो. म्हणून जाण्याआधी आंबोलीच्या आरोग्य केंद्रात चौकशी करावी. तेथून नको म्हटले, तर जंगलातला थांबा रद्द करावा. एरवीही पूर्ण बाह्यांचे कपडे आणि मोजे घालावेत, पाचोळ्यावर बसू नये, मेलेले माकड दिसल्यास जवळ न जाता वनखात्याला कळवावे. घरी गेल्यावर आंघोळ करून अंग तपासावे आणि पुढच्या काही दिवसांत ताप आल्यास डॉक्टरांना सहलीविषयी सांगावे. वनखात्याची परवानगी आधी घ्यावी. वाळलेल्या गवताच्या या दिवसांत चूल किंवा स्टोव्ह पेटवू नये.

सकाळी सहाला निघाल्यास ऊन चढण्यापूर्वी दोन थांबे होतात आणि दिवेलागणीला घरी परतता येते. दुसऱ्या दिवशी तिन्ही ठिकाणांचे स्तंभालेख काढावेत. तहसील कार्यालयातून तालुक्यांच्या पावसाचे आकडे मिळवून ते शेजारी मांडावेत. अंदाज चुकलेल्या गटाला आधी बोलू द्यावे. चर्चा तेथूनच रंगते.

एक प्रश्न मात्र वर्गासाठी राखून ठेवू. पाऊस यायला अजून तीन महिने असताना पिंपळाला तांबूस पालवी फुटते, ती कोणत्या पाण्यावर? शाळेजवळच्या पिंपळाची एक फांदी निवडून तिची दर आठवड्याला नोंद ठेवली, तर उत्तराची सुरुवात होईल.