अयोध्येचं मराठी घर आणि कलियुगाएवढा वेळ

दिल्लीहून नांदेड जिल्ह्यातलं आमचं नायगाव सरळ रेषेत मोजलं तर अकराशे किलोमीटरच्या आसपास भरतं. पण १९८७ साली रविवारी सकाळी साडेनऊ वाजता रामानंद सागरांच्या ‘रामायण’ मालिकेचं चित्र काही या सरळ रेषेनं यायचं नाही. ते आधी आभाळात जायचं, विषुववृत्ताच्या वर ३५,७८६ किलोमीटरवर असलेल्या इन्सॅट-१बी या उपग्रहापर्यंत. तिथून तेवढंच अंतर कापत खाली नांदेडला उतरायचं आणि मग नायगावकडं वळायचं. जाऊन-येऊन ७२ हजार किलोमीटर, म्हणजे पृथ्वीला जवळपास पावणेदोन प्रदक्षिणा. एवढ्या प्रवासाला लागायचा पाव सेकंद. अकराशे किलोमीटरवरचा राम आमच्यापर्यंत येण्यासाठी पासष्टपट लांबून यायचा.

या सगळ्या प्रवासात अवघड असायचे ते शेवटचे चाळीस किलोमीटर. १९८४ च्या उत्तरार्धात दूरदर्शननं देशात जवळपास रोज एक या वेगानं लहान प्रक्षेपण केंद्रं उभी केली. जिल्ह्याच्या गावी टीव्ही पोचला तो या केंद्रांमुळं. असल्या केंद्राची ताकद किती असायची? १०० वॅट. घरात टांगलेला पिवळा बल्ब जेवढी वीज खातो तेवढ्यावर एका शहराचा टीव्ही चालायचा. त्याचा नीट आवाका पंधरा-वीस किलोमीटरचा आणि नायगाव त्याच्या दुप्पट लांब. ही १०० वॅट ताकद सगळ्या दिशांना सारखी पसरते असं धरलं, तर चाळीस किलोमीटरवर एका चौरस मीटरच्या वाट्याला एका वॅटचा वीस कोटीवा हिस्सा येतो. तेवढ्यावर चित्र धरायचं होतं.

म्हणून तर आमच्याकडं अँटेना एवढ्या उंच असायच्या. लोखंडी पाइपाला पाइप जोडायचा, चहूबाजूंनी तारेचे ताण द्यायचे, वर बूस्टर बसवायचा. रविवारी नऊपासून एक पोरगा माळवदावर पाइप धरून उभा आणि खालून ओरडा चालू. ‘‘यायलंय का?’’ ‘‘मुंग्याच यायल्यात, अजून जरा फिरव!’’ ‘‘आता?’’ ‘‘हां, यायलंय यायलंय, तसंच धर!’’ चित्र धरलं की पोरगा दणादणा जिना उतरून खाली यायचा, तोवर शीर्षकगीत संपत आलेलं असायचं. वीज गेली तर ट्रॅक्टरची बॅटरी. टीव्हीला हार, पुढं उदबत्ती, चपला बाहेर. नरसीकडं जाणारा रस्ता त्या पाऊण तासात ओस पडायचा.

देशात तेव्हा टीव्ही संच होते दीड कोटीच्या आसपास आणि लोकसंख्या ८० कोटींच्या घरात, म्हणजे पन्नास-पंचावन्न माणसांमागं एक संच. तरीही रामायण बघणाऱ्यांचा त्या काळचा अंदाज आठ ते दहा कोटींचा आहे. एकेका संचापुढं सहा-सात माणसं धरली की हा आकडा जमतो. आमच्या भागात मात्र हा हिशेब फार तोकडा पडायचा. घरात बायका आणि पोरं, ओट्यावर गडीमाणसं, खिडकीच्या गजांना लटकलेली वेगळीच. एका संचापुढं साठ-सत्तर माणसं बसलेली असायची आणि ती मोजायला नायगावात कुणी आलेलं नव्हतं.

आता माझ्या डोक्यातून न जाणारा एक हिशेब मांडतो. रामायण आधी ५२ भागांचं ठरलं होतं, लोकांनी ते ७८ भागांवर नेलं. २५ जानेवारी १९८७ ला सुरू झालं, ३१ जुलै १९८८ ला संपलं. जाहिराती वगळल्या तर एक भाग साधारण ३५ मिनिटांचा, म्हणजे एका माणसाचे साडेपंचेचाळीस तास. त्याला आठ कोटींनी गुणलं की ३६४ कोटी तास होतात. त्यांची वर्षं केली तर ४ लाख १५ हजार. दहा कोटी धरले तर ५ लाख १९ हजार. पंचांगात कलियुगाची वर्षं दिलेली असतात: ४,३२,०००. ती या दोन आकड्यांच्या मध्ये बसतात. अठरा महिन्यांत या देशानं, सगळ्यांचा वेळ एकत्र केला तर, एक अख्खं कलियुग त्रेतायुगाकडं बघण्यात घालवलं.

आणि ज्यांच्याकडं बघत होते, ती माणसं कोण होती? राम अरुण गोविल, सीता दीपिका चिखलिया, रावण अरविंद त्रिवेदी, ही नावं सगळ्यांना पाठ. पण अयोध्येचा महाल जरा नीट बघा. राजा दशरथ म्हणजे बाळ धुरी. कौसल्या म्हणजे जयश्री गडकर; खऱ्या आयुष्यातही ही दोघं नवरा-बायको. भरत संजय जोग. मंथरा ललिता पवार. कुलगुरू वसिष्ठ सुधीर दळवी. शरयूकाठच्या त्या घरात अर्धी माणसं मराठी होती, आणि चित्रीकरण चाललं होतं आपल्या पालघर जिल्ह्याची हद्द ओलांडली की लागणाऱ्या उंबरगावात. हिंदी मालिका म्हणून आपण जिच्याकडं बघतो, तिच्यात मराठी रंगभूमीची आणि सिनेमाची चाळीस-पन्नास वर्षांची कमाई ओतलेली होती. हे आपल्याकडं म्हणावं तितकं कुणी सांगत नाही, याचं मला वाईट वाटतं.

जयश्री गडकर आमच्या मराठवाड्याला नव्या नव्हत्याच. माळेगावच्या जत्रेत तमाशाचे फड बघणाऱ्या माणसाला पडद्यावरचा तमाशा दाखवला तो याच बाईनं. अनंत माने यांचा ‘सांगत्ये ऐका’ १९५९ चा. पुण्याच्या विजयानंद टॉकीजमध्ये तो अडीच वर्षं चालला, तोच जयश्रीबाईंच्या कारकिर्दीचा पाया. पुढं ‘मानिनी’, ‘मोहित्यांची मंजुळा’, ‘साधी माणसं’ आणि असे कितीतरी. मग काळ बदलला, तमाशापट मागं पडले, नायिकेचं वय सरलं. आणि एका रविवारी पायात चाळ बांधून पुरुषांच्या शिट्ट्या झेललेली तीच बाई रामाची आई होऊन दिसली, तेव्हा ओट्यावरच्या बायकांनी पदर डोक्यावर घेतला. मला यात त्यांच्या अभिनयाची सगळ्यात मोठी पावती दिसते.

विजयानंदचा विषय निघालाच आहे, तर आणखी एक हिशेब. समजा हजार खुर्च्यांचं एक थिएटर आहे, रोज तीन खेळ, तिन्ही हाउसफुल्ल, वर्षाचे ३६५ दिवस, सुट्टी नाही. आठ कोटी तिकिटं खपायला किती दिवस लागतील? २६,६६७ दिवस, म्हणजे ७३ वर्षं. अडीच वर्षं चाललेला सिनेमा हा त्या काळी विक्रम होता. कौसल्या झालेल्या जयश्रीबाई एका सकाळी जेवढ्या माणसांना दिसल्या, तेवढ्यांसाठी तो सिनेमा अजून सत्तर वर्षं चालवावा लागला असता. १९५९ पासून मोजलं तर २०३२ उजाडेल.

ललिता पवारांची गोष्ट आकड्यात मावत नाही, तरी सांगतो. येवल्याच्या या बाई मूकपटांच्या काळात लहानपणीच कॅमेऱ्यापुढं आल्या. नायिका झाल्या. १९४२ मध्ये एका दृश्यात भगवानदादांनी मारलेली थप्पड जोरात बसली. चेहऱ्याचा लकवा, डाव्या डोळ्याला कायमचं अधूपण, उपचारांत वर्षं गेली. नायिकेचा चेहरा संपला. दुसरं कुणी असतं तर घरी बसलं असतं. यांनी त्याच बारीक झालेल्या डोळ्याला हत्यार केलं आणि सासू, सावत्र आई, कजाग मालकीण अशा भूमिकांतून सातशेच्या आसपास सिनेमे केले. सत्तरी ओलांडल्यावर मंथरा केली. कैकेयीच्या कानाशी लागताना तो डोळा बारीक व्हायचा आणि आमच्याकडं म्हाताऱ्या चक्क बोटं मोडायच्या. ज्या एका क्षणानं त्यांचा चेहरा मोडला, त्याच क्षणाचा ठसा पंचेचाळीस वर्षांनी आठ कोटी लोकांनी बघितला. १९९८ मध्ये पुण्यात औंधला त्या गेल्या तेव्हा घरात दुसरं कुणी नव्हतं. मृत्यू कळायलासुद्धा दोनेक दिवस गेले.

संजय जोग मूळचे नागपूरकडचे. रामाच्या पादुका डोक्यावर घेतलेला त्यांचा भरत बघून माणसं हमसून रडली. नोव्हेंबर १९९५ मध्ये यकृताच्या आजारानं ते गेले, वय चाळीस.

ज्या चेहऱ्याकडं एवढी माणसं एकाच वेळी बघतात, त्याला पुढं काम कमी पडायला नको, असं आपल्याला वाटतं. झालं उलटंच. राम झालेल्या माणसाला खलनायक करता येईना, प्रेमवीर करता येईना, बारमध्ये बसवता येईना. निर्माते नमस्कार करून वाटेला लावायचे. उरला एक रस्ता, निवडणुकीचा. १९९१ मध्ये दीपिका चिखलिया बडोद्यातून आणि अरविंद त्रिवेदी साबरकांठातून खासदार झाले. महाभारतात कृष्ण झालेले नितीश भारद्वाज, शिक्षणानं जनावरांचे डॉक्टर आणि पक्के मराठी, १९९६ मध्ये थेट जमशेदपूरहून निवडून आले. खुद्द रामाला मात्र २०२४ पर्यंत थांबावं लागलं. अरुण गोविल मेरठमधून जिंकले ते १०,५८५ मतांनी. कोट्यवधींचा देव, आणि मताधिक्य दहा हजारांचं.

त्या सगळ्या पसाऱ्यात दोन पोरं मात्र मोकळी सुटली. रामायण ७८ व्या भागाला राज्याभिषेकावर थांबलं, तेव्हा जालंधरच्या सफाई कामगारांनी संप केला. वाल्मीकींना मानणाऱ्या या माणसांचं म्हणणं एवढंच, की पुढची कथा दाखवा, कारण त्या कथेत वाल्मीकी आहेत. संप पसरला, सरकार नमलं आणि उत्तर रामायण आलं. त्यातला कुश म्हणजे शाळकरी स्वप्नील जोशी, लव म्हणजे मयूरेश क्षेत्रमाडे. कुश पुढं रामानंद सागरांच्याच मालिकेत किशोरवयीन कृष्ण झाला, मग ‘मुंबई-पुणे-मुंबई’ आणि ‘दुनियादारी’चा नायक. लव अमेरिकेत गेला आणि तिथल्या कंपनीचा प्रमुख झाला. सफाई कामगारांनी झाडू खाली ठेवला म्हणून मराठी सिनेमाला एक तारा मिळाला, असं मी म्हणतो. या साखळीतली एकेक कडी तपासून बघा, खोटं निघणार नाही.

मग २०२०. टाळेबंदी लागली आणि २८ मार्चपासून रामायण पुन्हा दाखवायला लागले. या वेळी अँटेना नव्हती, माळवदावर पोरगं नव्हतं, घरोघरी डिश होती. १६ एप्रिलच्या एका भागाला ७ कोटी ७० लाख प्रेक्षक मिळाले आणि हा जगातला विक्रम आहे असं दूरदर्शननं जाहीर केलं. विक्रम म्हणायला मात्र अडचण आहे. अमेरिकेत ‘मॅश’ या मालिकेचा शेवटचा भाग २८ फेब्रुवारी १९८३ ला दाखवला, तो १० कोटी ६० लाख लोकांनी बघितला होता. मला स्वतःला वाटतं, १९८७ च्या रविवारी आपणही त्याच्या आसपास होतो. पण तेव्हा मोजणारं यंत्र आपल्याकडं नव्हतं.

आणि २०२० ला होतं ते तरी केवढं? देशात टीव्ही असलेली घरं तेव्हा २० कोटींच्या आसपास आणि मोजणारी डबी बसवलेली घरं ४४ हजार. साधारण साडेचार हजार घरांमागं एक डबी. त्या एका घरातल्या माणसांनी काय बघितलं, यावर बाकीच्या साडेचार हजार घरांचं मत ठरायचं. शास्त्र म्हणून ते बरोबर आहे, नमुना नीट निवडला तर अंदाज चुकत नाही. पण खेड्यांत अशी डबी पोचायलाच २०१५ उजाडलं. त्याआधी पंधरा-वीस वर्षं टीआरपी म्हणून जे काही मिरवलं गेलं, त्यात नायगाव, बिलोली, देगलूर कुठंच नव्हतं. कोणती मालिका चालली, कोणता नट पडला, हे आम्हाला न विचारताच ठरत होतं.

आता पुन्हा त्या अयोध्येच्या घराकडं. वसिष्ठ झालेले सुधीर दळवी रामायणाच्या आधीच, १९७७ मध्ये, ‘शिर्डी के साईबाबा’ या सिनेमातून घराघरांत गेले होते. आमच्याकडं अजूनही कितीतरी दुकानांत साईबाबांचा फोटो म्हणून जो लावलेला दिसतो, त्यात चेहरा दळवींचा असतो. हार त्याला, उदबत्ती त्याला. २०२५ च्या ऑक्टोबरात, वयाच्या ८६ व्या वर्षी, ते मुंबईत रुग्णालयात होते. खर्च १५ लाखांवर जाईल म्हणून घरच्यांना लोकांपुढं मदतीचं आवाहन करावं लागलं. १५ लाखांना १६ एप्रिलच्या त्या एका रात्रीच्या ७ कोटी ७० लाख प्रेक्षकांनी भागलं, तर माणशी दोन पैसेसुद्धा होत नाहीत.