दामोदर कोसंबी : देशांतर आणि इतिहासदृष्टी

अनेक देश पाहिलेला विद्वान आणि अनेक देशांतून घडलेली दृष्टी या दोन भिन्न गोष्टी होत. दामोदर धर्मानंद कोसंबी यांच्या ठायी दुसरी गोष्ट कशी सिद्ध झाली, हे पाहणे इतिहासाइतकेच वाङ्मयाच्या अभ्यासकालाही उद्बोधक ठरावे.

त्यांचा जन्म १९०७ साली, पोर्तुगीज अमलाखालील गोव्यात झाला. बौद्ध धर्माच्या शोधार्थ नेपाळ, सिंहल आणि ब्रह्मदेश हिंडलेले धर्मानंद 'विसुद्धिमग्गा'च्या संपादनासाठी हार्वर्डला जात असत. १९१८ साली त्यांच्याबरोबर हा मुलगाही अमेरिकेत गेला. १९२९ साली हार्वर्डची पदवी घेऊन तो परतला, तो गणितज्ञ म्हणून. काशी, अलीगढ, पुण्याचे फर्ग्युसन महाविद्यालय आणि १९४५ ते १९६२ या काळात मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था, अशी त्यांची अध्यापन-संशोधनाची वाटचाल गणिताचीच होती.

इतिहासाकडेही ते गणितातूनच आले. नाणे हातोहात फिरताना झिजते व हलके होते. तेव्हा पुरेशा आहत नाण्यांची वजने घेऊन संख्याशास्त्राच्या आधारे त्यांचा कालानुक्रम लावता येईल, हा त्यांचा विचार. राजांच्या नामावळीपेक्षा व्यवहारात झिजलेल्या वस्तूवर भिस्त ठेवणारी ही दृष्टी 'अॅन इन्ट्रोडक्शन टु द स्टडी ऑफ इंडियन हिस्टरी' या १९५६ च्या ग्रंथात पूर्णत्वास गेली.

वाङ्मयाच्या क्षेत्रात तिची कसोटी लागली. विद्याकराचा 'सुभाषितरत्नकोश' बाराव्या शतकाच्या सुमारास बंगालमधील बौद्ध परिसरात सिद्ध झाला. त्याच्या हस्तलिखितांचा माग तिबेट व नेपाळ येथे लागला. कोसंबी व वा. वि. गोखले यांनी पाठ सिद्ध केला आणि १९५७ साली तो हार्वर्ड प्राच्य ग्रंथमालेचा ४२ वा खंड म्हणून निघाला. याच मालेचा ४१ वा खंड (१९५०) म्हणजे धर्मानंदांनी सुधारलेला 'विसुद्धिमग्ग'. पित्याचे व पुत्राचे कार्य असे एका मालेत लागोपाठ उभे राहिले.

मात्र संस्कृत काव्यातील वर्गाश्रयाची मीमांसा कोसंबींनी केली, ती त्याच ग्रंथाचे भाषांतरकार डॅनिएल इंगॉल्स यांना मान्य झाली नाही. १९६५ च्या आपल्या भाषांतरात त्यांनी हा मतभेद नोंदविला. आमच्या मते दोन्ही पक्षांना आपापले बळ आहे. काव्य कोणाच्या आश्रयाने निर्माण झाले, हे कळल्याने त्याची भाषा व विषय यांचा उलगडा होतो. एखादा श्लोक आश्रयदाता लोपल्यावरही का टिकला, हे मात्र त्यातून सांगता येत नाही. सामाजिक समीक्षेची ही मर्यादा ओळखली तरच तिचे सामर्थ्य निर्वेधपणे वापरता येते.

या देशांतराचे सर्वांत सकस फळ मात्र घराजवळच आले. पुण्याच्या आसपासच्या टेकड्या, बारीक अश्महत्यारे, गावोगावच्या देवी, कार्ल्याची लेणी आणि त्यांच्याजवळून जाणारे घाटमार्ग कोसंबींनी पायी फिरून अभ्यासले. लेण्यांना दान देणाऱ्यांत व्यापारी व यवन यांची नावे कोरलेली आहेत. म्हणजे या डोंगरातही दूरचे देश पूर्वीच येऊन गेले होते. १९६२ च्या 'मिथ अँड रिअॅलिटी' या ग्रंथात या भटकंतीचे सार आहे.

१९६६ साली पुण्यात त्यांचे निधन झाले. परदेशाने त्यांना गणित, भाषा आणि तुलनेची सवय दिली. पण प्रश्न दिले ते पायाखालच्या मातीने. बाहेरून आणलेले साधन घरच्या सामग्रीवर चालवून पाहणे आणि जेथे ते अडते तेथे त्याची मर्यादा मान्य करणे, हाच त्यांच्या जीवनाचा आपल्या विद्वत्तेस दिलेला धडा होय.