जुना डबा: जपायचा की चालवायचा?

पानिपतच्या संग्रहालयात लाकडी दारांची एक जोडी आहे. १७६१ च्या रणांगणावरचा काळा आंबा वठल्यानंतर त्याच्याच लाकडातून ती घडवली, असे सांगितले जाते. झाड होते तिथे आज स्मारकस्तंभ आहे. याच शहरात देशोदेशीचे टाकून दिलेले लोकरी कपडे गाठोड्यांनी येतात. ते फाडून, पिंजून त्यांचे सूत काढतात आणि त्यातून ब्लँकेटे विणतात. जुन्याची आठवण जपणे आणि जुन्याला नव्याने कामाला लावणे, दोन्ही या गावाच्या अंगवळणी पडले आहे. रेल्वेच्या जुन्या गाड्यांपुढेही हेच दोन रस्ते असतात, आणि पानिपतच्या परिसरात दोन्हींचे ठळक नमुने आहेत.

जींदची गाडी

दिल्ली-अंबाला-काल्का हा लोहमार्ग १८९१ मध्ये सुरू झाला. त्यावरच्या पानिपत जंक्शनहून एक फाटा सफीदोंमार्गे जींदला जातो. जींद ते सोनीपत या शेजारच्या ८९ किलोमीटरच्या मार्गासाठी रेल्वेने हायड्रोजनवर चालणारी गाडी हाती घेतली आणि त्यासाठी कोरी गाडी बांधण्याऐवजी जुन्या धाटणीची डेमू निवडली. डेमूत डिझेल इंजिन वीज निर्माण करते आणि त्या विजेवर चाकांजवळच्या मोटारी फिरतात. या गाडीत इंजिनाची जागा फ्युएल सेल घेतात. सिलिंडरमधला हायड्रोजन आणि हवेतला ऑक्सिजन यांच्या संयोगातून वीज तयार होते, बॅटऱ्या भरतात आणि धुराऐवजी वाफ बाहेर पडते. प्रत्येकी १,२०० किलोवॅटच्या दोन पॉवर कार आणि आठ प्रवासी डबे, असा हा आराखडा आहे. १११.८३ कोटी रुपयांच्या या कामात जमिनीवरच्या सुविधांचाही खर्च धरला आहे.

या बदलाला हरकत घेण्याचे कारण नाही. डेमू देशभर धावतात, त्यांचे नकाशे कारखान्यांत आहेत आणि दोन पॉवर कारची आतडी बदलली म्हणून इतिहासाचे एक पानही फाटत नाही. संख्येने भरपूर असलेल्या वाहनाचे आयुष्य वाढवणे हाच त्याचा सन्मान आहे.

रेवाडीचे इंजिन

दिल्लीच्या दुसऱ्या अंगाला रेवाडी आहे. तिथले वाफेच्या इंजिनांचे शेड १८९३ चे. आता ते संग्रहालय आहे, आणि त्यातली काही इंजिने आजही पेटवली जातात. ‘फेअरी क्वीन’ इथे राहिली आहे. १८५५ मध्ये लीड्समध्ये बांधलेले हे इंजिन १९०९ मध्ये निवृत्त झाले. पुढे ते हावड्याला शोभेसाठी उभे होते, नंतर चंदौसीच्या रेल्वे प्रशिक्षण शाळेत गेले आणि तिथून दिल्लीच्या संग्रहालयात आले. १९९७ मध्ये ते पुन्हा रुळांवर धावले. पुढच्याच वर्षी नियमित सेवेतले जगातले सर्वांत जुने वाफेचे इंजिन म्हणून गिनेस बुकात त्याची नोंद झाली. २०११ मध्ये त्याचे सुटे भाग चोरीला गेले आणि चेन्नईच्या पेरांबूर कारखान्याला ते पुन्हा उभे करावे लागले.

जुने इंजिन चालवायचे तर झिजलेला भाग बदलावाच लागतो. बॉयलरच्या बाबतीत तडजोड चालत नाही, कारण दाबाखालची वाफ इतिहासाचे वय पाहत नाही. मात्र प्रत्येक दुरुस्तीत मूळ धातू थोडा कमी होतो. काचेआड ठेवलेले इंजिन आकार दाखवते. चालते इंजिन कोळशाचा वास, शिट्टी आणि फायरमनचे कसब जिवंत ठेवते. हे कसब वापरले नाही तर एका पिढीत विसरले जाते. युरोपातल्या वारसा-रेल्वे संघटनांनी स्वीकारलेली रिगा सनद यावर समजूतदार तोडगा देते: आवश्यक बदल करा, पण ते शक्यतो उलटवता येतील असे करा, त्यांची नोंद ठेवा आणि काढलेला महत्त्वाचा मूळ भाग जपा.

दख्खनच्या राणीचा धडा

मराठी माणसाला हा प्रश्न सर्वांत जवळून कळतो तो दख्खनच्या राणीमुळे. १ जून १९३० ला ती मुंबई-पुणे मार्गावर धावू लागली. सात-सात डब्यांचे दोन रेक होते. एक रुपेरी, त्यावर लाल पट्टी. दुसरा गडद निळा, सोनेरी रेघांचा. सांगाडे इंग्लंडहून आले, वरचे डबे माटुंग्याच्या कारखान्यात बांधले गेले. १९६६ मध्ये त्यांची जागा पेरांबूरच्या पोलादी डब्यांनी घेतली, कारण टकरीत हे डबे एकमेकांत घुसत नाहीत. १९९५ मध्ये एअर ब्रेकचे डबे आले आणि २०२२ मध्ये नव्या बनावटीचे एलएचबी डबे. प्रत्येक बदलाने प्रवाशाचा जीव अधिक सुरक्षित झाला, म्हणून प्रत्येक बदल योग्यच होता. गाडीचे नाव टिकले, डायनिंग कार टिकली. पण माटुंग्याच्या कारागिरांनी घडवलेल्या निळ्या-सोनेरी डब्यात बसून आज खंडाळ्याचा घाट चढता येत नाही.

आज नेमका हाच प्रसंग साध्या डब्यांवर आला आहे. स्विस तंत्रज्ञानाने १९५५ पासून पेरांबूरला बनू लागलेल्या आयसीएफ डब्यांचे उत्पादन २०१८ मध्ये थांबले. मुदत संपलेल्या अनेक डब्यांची आसने, पंखे काढून, खिडक्या बंद करून त्यांतून मोटारगाड्यांची वाहतूक केली जाते. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवर २०२१ मध्ये अशाच एका डब्याचे उपाहारगृह झाले. हे सगळे स्वागतार्ह आहे. भंगारात जाण्यापेक्षा डबा कामी आलेला केव्हाही बरा.

पण दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात मानाने उभे आहेत ते १८७५ चा प्रिन्स ऑफ वेल्सचा सलून आणि म्हैसूरच्या महाराजांचा सलून. ते जपायलाच हवेत. मात्र या देशाने खरा प्रवास केला तो सेकंड क्लासच्या डब्यातून. पंढरीचा वारकरी, गिरणीत कामाला निघालेला कोकणी पोरगा, माहेरवाशीण, सुट्टीवर येणारा जवान, सगळे त्या आडव्या गजांच्या खिडकीशी बसले. जाळीतला पंखा, तो फिरावा म्हणून त्यात घातलेला कंगवा, दिवसा पाठ टेकायला आणि रात्री निजायला असलेला मधला बर्थ, लाल साखळी, बाकाखालची ट्रंक बांधायची कडी: आपल्या सामाजिक इतिहासाचा हा अस्सल ऐवज आहे.

म्हणून नियम साधा असावा. हजारो असतील तर बहुतेकांना नवे काम द्या. मोजके उरले असतील तर हात जपून लावा. आणि कोणताही प्रकार सेवेतून जाण्यापूर्वी त्यातला निदान एक डबा, पंखा, बर्थ, शौचालय आणि रंगासकट, जसाच्या तसा बाजूला काढा. तो शोभिवंत करू नका. आयसीएफ डबे अजून हाताशी आहेत, त्यांवर काम केलेले कारागीर हयात आहेत, म्हणून हा निर्णय आज स्वस्तात होईल. वीस वर्षांनी कितीही पैसा ओतला तरी हाती येईल ती नक्कल.