ध्वनिमिश्रण, इलेक्ट्रॉनीय संगीतातील

निरनिराळ्या ध्वनींचे परस्परप्रमाण ठरवून त्यांतून एकसंध संगीतरचना सिद्ध करण्याची प्रक्रिया. मैफलीत गायक, तबला व तंबोरा यांचा समतोल कलावंत एकमेकांना ऐकून साधतात. इलेक्ट्रॉनीय वाद्यांना असे स्वाभाविक प्रमाण नसते. घुंगराएवढा बारीक नादही ढोलाहून मोठा करता येतो. त्यामुळे कोणता ध्वनी पुढे यावा, हा निर्णय रचनेचाच भाग ठरतो.

ध्वनीचा उठाव केवळ त्याच्या पातळीवर अवलंबून नसतो. मानवी कान सु. २,००० ते ५,००० हर्ट्‌झ या पट्ट्यात सर्वाधिक संवेदनशील असतो. आवाज लहान केला की खर्जातील ध्वनी इतरांहून अधिक क्षीण भासतात, हे फ्लेचर व मन्सन यांच्या आलेखांनी (१९३३) दाखविले. म्हणून मोठ्या आवाजात जमविलेले मिश्रण हळू ऐकताना पोकळ वाटते. शिवाय एखादा जोरदार ध्वनी जवळपासच्या कंप्रतेच्या क्षीण ध्वनीला झाकून टाकतो. यास प्रच्छादन म्हणतात. झाकलेल्या ध्वनीची पातळी वाढविणे हा नवशिक्याचा उपाय होय. पाठोपाठ बाकीचेही वाढवावे लागतात. झाकणाऱ्या ध्वनीतील तेवढाच कंप्रतापट्टा काही डेसिबेलनी उतरविणे अधिक गुणकारी असते. ठेक्याचा ठोका व खर्जाची ओळ एकमेकांवर येत असल्यास ठोक्याच्या क्षणापुरती ती ओळ आपोआप दबेल, अशीही योजना करतात.

मुंबईचे वादक चरणजित सिंग यांच्या टेन रागाज टू अ डिस्को बीट (१९८२) या ध्वनिमुद्रिकेत ठेक्यासाठी टीआर-८०८, खर्जासाठी टीबी-३०३ व सुरावटीसाठी ज्युपिटर-८ ही यंत्रे वापरली आहेत. यंत्राचा ठेका तबलजीप्रमाणे प्रसंगी हात आखडत नाही. अशा रचनेत समतोल बिघडल्यास रागाचे रूपच धोक्यात येते. भूप व देशकार यांचे पाचही स्वर एकच. भूपात गंधारावर, तर देशकारात धैवतावर भर असतो. तो भर ठेक्याखाली दडला, तर उरतात ते नुसते पाच स्वर. प्रारंभी फारशी दखल न घेतली गेलेली ही ध्वनिमुद्रिका २०१० मध्ये पुनःप्रकाशित झाली.

ऐकण्याचे ठिकाणही मिश्रणात ढवळाढवळ करते. ठाण्यातील घोडबंदर रोडसारख्या अवजड वाहतुकीच्या मार्गावर मोटारीत ऐकताना वाहनांची घरघर खर्ज गिळून टाकते, तर छोट्या ध्वनिक्षेपकातून तो मुळात उमटतच नाही. अशा वेळी खर्जाच्या ध्वनीत त्याच्या पटींतील वरच्या कंप्रता मिसळतात. मूळ कंप्रता नसली, तरी त्यांवरून कानाला तोच खर्ज जाणवतो.