‘आढ्य’ नसलेला रुग्ण

चिकित्सेच्या चतुष्पादात रुग्णाचे गुण सांगताना वाग्भटाचार्यांनी प्रथम ‘आढ्य’ म्हणजे धनसंपन्न हा गुण दिला आहे. सातपूर-अंबडचा कंत्राटी कामगार किंवा पेठ-सुरगाण्याहून दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत येणारा मजूर या कसोटीस कसा उतरावा?

कायद्याने काही सोय केली आहे. कर्मचारी राज्य विमा योजनेत जुलै २०१९ पासून कामगाराच्या वेतनातून ०.७५ टक्के व मालकाकडून ३.२५ टक्के अंशदान घेतले जाते. त्यातून कामगारास व त्याच्या कुटुंबास बाह्यरुग्ण तपासणी व औषधेही मिळतात. सातपूर येथे योजनेचे रुग्णालय आहे. परंतु २१,००० रुपयांची वेतनमर्यादा जानेवारी २०१७ मध्ये ठरली व पुढे वर्षानुवर्षे तशीच राहिली. शिवाय कंत्राट संपले की अंशदान खंडित होते. बागेतील मजूर तर या योजनेच्या बाहेरच आहे.

उरते महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना. तिचे संरक्षण दीड लाखावरून पाच लाखांपर्यंत वाढविण्याचा व सर्व शिधापत्रिकाधारकांना ती लागू करण्याचा निर्णय २०२३ मध्ये झाला. हे स्वागतार्हच आहे. तथापि तिचा लाभ मुख्यतः रुग्णालयात दाखल झाल्यावर, ठराविक उपचारांसाठी मिळतो. आम्लपित्त, कटिशूल, श्वास, प्रमेह यांची दररोजची औषधे रुग्णाच्याच खिशातून जातात, आणि तपासणीला आल्यास त्या दिवसाची मजुरीही बुडते. सुश्रुताचार्यांच्या षट्क्रियाकालांच्या भाषेत सांगायचे तर योजना ‘भेद’ अवस्थेत जागी होते. संचय-प्रकोपाच्या वेळी रुग्ण एकटाच असतो. त्या वेळी तो येतो आपल्या दवाखान्यात.

म्हणून काही गोष्टी आपल्याच हाती आहेत. रुग्णपत्रकावर विमा क्रमांक व शिधापत्रिका यांची नोंद घ्यावी. वेतनातून कपात होऊनही कार्ड नसल्यास कामगारास विमा कार्यालयात जाण्यास सांगावे. जेथे एक चूर्ण किंवा भरड काढा पुरेसा आहे, तेथे चार पेटंट औषधे लिहू नयेत. औषधविक्रेत्यांनीही शास्त्रोक्त कल्प आठवड्याच्या मात्रेत, सुटे उपलब्ध ठेवावेत. महिन्याची बाटली परवडत नाही म्हणून औषध अर्ध्यावर सुटणे हा उपचाराचाच भंग होय.

चरकाचार्यांनी उपकल्पनीय अध्यायात श्रीमंतांसाठी शोधनाची भव्य सामग्री वर्णिली. पण दारुण व्याधी दरिद्र्यासही होतात, त्याने जमेल त्या साधनांनी उपचार घ्यावेत, हेही तेथेच सांगितले. ती साधने त्याच्या आवाक्यात ठेवणे हे आपले काम आहे.