गोधडीच्या पोटातला टाका

हाताने शिवताना सुईमागून सगळा दोरा कापडातून आरपार जातो, आणि तोही दर टाक्याला. म्हणून तर हातशिलाईला दोरा बेताचाच घेतात. फार लांब घेतला की गुंता ठरलेला. शिवणयंत्राची गोष्ट वेगळी आहे. त्याच्या वरच्या रिळावर शेकडो मीटर दोरा असतो आणि तो अखंड रिळाला जोडलेला असतो. तो सगळा कापडाच्या पलीकडे जाणं शक्यच नाही. सुई दोरा घेऊन खाली उतरते आणि त्याच भोकातून वर येते. एवढंच घडलं असतं तर दोरा गेला तसा परत आला असता आणि कापडात नुसती छिद्रं उरली असती. मग टाका पडतो तरी कसा?

खाली बॉबिन असते हे सगळ्यांना माहीत असतं. वरचा दोरा बॉबिनच्या दोऱ्याला वळसा घालतो, त्या वळशाने दोघं एकमेकांत अडकतात आणि टाका पक्का होतो. आता खरी गंमत पाहा. बॉबिनच्या दोऱ्याचं एक टोक कापडात शिवलं गेलेलं असतं आणि बाकीचा दोरा बॉबिनवर गुंडाळलेला असतो. दोन्हीकडून अडकलेल्या दोऱ्याला वळसा घालायचा तर एकच वाट उरते. वरच्या दोऱ्याचा फास एवढा मोठा करायचा की अख्खी बॉबिन त्यातून पार व्हावी! शिवणयंत्र दर टाक्याला नेमकं हेच करतं. सेकंदाला दहा-दहा वेळा.

पण फास बॉबिनभोवती पूर्ण फिरायचा असेल, तर बॉबिन यंत्राला कुठेही जोडलेली असून चालणार नाही. मध्ये एखादा खिळा किंवा स्क्रू आला तर दोरा तिथेच अडकेल. म्हणून बॉबिनची डबी आपल्या जागी नुसती बसवलेली असते. ती गरगर फिरू नये म्हणून तिला एक अडसर असतो, पण तिथेही दोरा निसटून जाईल एवढी फट राखलेली असते. आपल्याकडच्या काळ्या पायमशीनमध्ये बॉबिनभोवती फास फिरवणाऱ्या शटलला हलवणारा भागही त्याला जोडलेला नसतो. तो फक्त ढकलतो, आणि दोरा त्या दोघांमधून निघून जातो. यंत्राचा सगळ्यात महत्त्वाचा भाग जवळजवळ अधांतरी आहे, आणि तो तसा असल्यामुळेच यंत्र चालतं.

हा फास उघडतो कसा, हेही पाहण्यासारखं आहे. सुईच्या एका बाजूला वरपासून नेढ्यापर्यंत लांब खाच असते. त्या बाजूचा दोरा खाचेत लपून सहज सरकतो. दुसऱ्या बाजूला अशी लांब खाच नसते, तिथे दोरा सुई आणि कापड यांच्यात चिमटला जातो. सुई तळाला जाऊन दोन-अडीच मिलिमीटर वर उचलली की चिमटलेला दोरा मागे रेंगाळतो आणि बाजूला फुगतो. तेवढ्यात बॉबिनभोवतीच्या हूकचं टोक त्या फुगवट्यात शिरतं. त्या क्षणी हूक आणि सुई यांच्यातलं अंतर मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या आसपास असतं. सुई किंचित वाकली किंवा उलटी बसली, तर हूकला फास सापडत नाही आणि टाका सुटतो. मशीन बिघडलं म्हणून दुकानात नेण्याआधी सुई बदलून पाहावी, असं जाणकार सांगतात ते यामुळेच.

ही युक्ती एका माणसाला एका दिवसात सुचलेली नाही. फ्रान्समध्ये बार्थेलेमी थिमोनिए याने १८३०मध्ये पेटंट घेतलेलं यंत्र एकाच दोऱ्याने साखळी टाका घालत असे. धान्याच्या पोत्याच्या तोंडाचा दोरा योग्य टोकाकडून ओढला की सगळी शिवण सरसर उसवते, तोच हा टाका. त्याची यंत्रं पॅरिसमध्ये सैनिकांचे गणवेश शिवू लागली, तेव्हा पोटावर पाय येईल या धास्तीने शिंप्यांनी कारखान्यावर हल्ला करून ती मोडून टाकली. पुढे अमेरिकेत वॉल्टर हंटने दोन दोऱ्यांचा टाका जमवला, पण त्याचं पेटंट घेतलं नाही. टोकाला नेढं असलेली सुई आणि शटल यांच्या जोडीचं पेटंट १८४६मध्ये एलायस हाऊला मिळालं. आयझॅक सिंगरचं यंत्र १८५१मध्ये आलं. अ‍ॅलन विल्सनने फिरता हूक आणि कापड सरकवणारे दाते दिले. मग कोर्टकचेऱ्या झाल्या, आणि शेवटी १८५६मध्ये मुख्य पेटंटधारकांनी आपले हक्क एकत्र केले. यंत्रांच्या हव्यासावर टीका करणाऱ्या गांधीजींनीही १९२४मधल्या एका संभाषणात सिंगरच्या शिवणयंत्राला अपवाद मानलं होतं.

आता या यंत्राखाली गोधडी सरकवा, आणि त्याची खरी परीक्षा सुरू होते.

विल्सनच्या दात्यांची चाल चार पावलांची आहे. दाते सुईखालच्या पट्टीच्या वर येतात, कापडाला घेऊन सरकतात, खाली बुडतात आणि लपून मूळ जागी परततात. सुई कापडाबाहेर असते तेवढ्याच वेळात हे सरकणं उरकतं. पण दाते फक्त सगळ्यात खालच्या थराला भिडतात. वरच्या थरावर प्रेशर फूट दाबून बसलेला असतो आणि तो त्याला मागे धरून ठेवतो. ब्लाउजच्या दोन पातळ कापडांत हा फरक जाणवत नाही. गोधडीला मात्र वरचं जोडकाम, मधली भरण आणि खालचं अस्तर असे तीन थर असतात, आणि मधला थर मऊ, दबणारा. खालचा थर पुढे निघून जातो, वरचा रेंगाळतो, आणि ओळीच्या शेवटी चुणी पडते. नवशिक्याला वाटतं आपला हात वाकडा. दोष हाताचा नसतो, थरांना मिळणारी ओढच असमान असते.

हाताने गोधडी किंवा वाकळ शिवणाऱ्या बाईला हा प्रश्न फारसा येत नाही. जुन्या लुगड्यांचे थर जमिनीवर अंथरून ती धावदोरा घालते. चार-पाच टाके सुईवर भरताना सगळे थर एकाच वेळी सुईवर चढतात, त्यांना कोणी एका बाजूने ओढत नाही. उत्तर कन्नडातल्या सिद्दी समाजाच्या बायका तर कवंडी नावाची त्यांची गोधडी काठाकडून आत शिवत येतात. ठिगळं आधी जोडून न ठेवता त्या शिवता शिवताच जागेवर बेतून बसवतात. यंत्रावर अशी मुभा नसते. तिथे तिन्ही थर आधी टाचून घ्यावे लागतात आणि शिवण मधून काठाकडे न्यावी लागते, म्हणजे उरलासुरला ढिलेपणा बाहेर निघून जातो.

या अडचणीवर वॉकिंग फूट नावाचा तोडगा निघाला. या फुटाच्या पोटातही दाते असतात. त्याला स्वतःची मोटर नसते. त्याची एक दांडी सुई कसणाऱ्या स्क्रूवर बसते, आणि सुईच्या वर-खाली होण्यातूनच त्याला चाल मिळते. खालचे दाते अस्तराला नेतात, वरचे दाते जोडकामाला, आणि तिन्ही थर एका चालीने निघतात. सरळ ओळींच्या गोधडीसाठी नवशिक्याने पहिला जादा खर्च करावा तो यावर.

वेलबुट्टी काढायची असेल तर उलट दाते खाली पाडून टाकतात. याला फ्री मोशन म्हणतात. आता कापड सरकवायचं काम तुमच्या दोन हातांचं. समजा, मशीन सेकंदाला दहा टाके घालतंय आणि तुम्हाला अडीच मिलिमीटरचा टाका हवाय. हात सेकंदाला बरोबर पंचवीस मिलिमीटर सरकायला हवा, वळणावरसुद्धा! वळताना हात अर्ध्या वेगावर आला की टाका सव्वा मिलिमीटरचा होतो. काही महागड्या मशीनमध्ये सेन्सर कापडाची चाल ओळखून सुईचा वेग जुळवून घेतात. बाकीच्यांना पाय आणि हात यांचा ताळमेळ सरावानेच बसवावा लागतो.

त्याआधीचं काम म्हणजे तुकडे जोडणं. इथे पाव इंचाची शिवण पाळतात. एका रांगेत आठ चौकोन असले तर जोड सात. प्रत्येक तुकड्यावर शिवण एक मिलिमीटर जास्त आत गेली तर दर जोडाला दोन, म्हणजे रांगेत चौदा मिलिमीटर कमी भरतात. शेजारची रांग नीट शिवलेली असेल तर दोघींचे कोपरे जुळणार नाहीत. आणि इथे जुनं पायमशीन शेर ठरतं. त्यात फक्त सरळ टाका असतो, म्हणून सुईच्या पट्टीला एकच बारीक भोक पुरतं. झिगझॅग मशीनच्या पट्टीत आडवी फट असते, तिच्यात पातळ कापड सुईबरोबर खाली दबू शकतं. बारीक भोकावर कापडाला चारी बाजूंनी आधार मिळतो आणि टाका सरळ पडतो. शंभर डिझाइनचे टाके देणारं मशीन गोधडीसाठी आपोआप सरस ठरत नाही. गोधडीला बहुतेक वेळा एकच टाका लागतो, पण तो अचूक लागतो.

मग चांगलं मशीन कशाला घ्यायचं? मुख्य कारण आहे गाळा, म्हणजे सुई आणि उजवीकडचा खांब यांच्यातली मोकळी जागा. साध्या घरगुती मशीनमध्ये ती सहा-सात इंच असते. नव्वद इंच रुंद गोधडी मधून शिवायची तर पंचेचाळीस इंच, भरणीसकट, गुंडाळून त्या गाळ्यात कोंबावी लागते. गोधडीसाठी बनवलेल्या घरगुती मशीनमध्ये गाळा अकरा इंच किंवा त्याहूनही मोठा मिळतो. लाँगआर्म मशीन तर सगळा हिशेबच उलटा करतं. त्यात गोधडी चौकटीवर ताणून स्थिर ठेवतात आणि मशीनच रुळांवरून तिच्यावर फिरतं.

दुसरं कारण मोटर. जाड जोडावर हळू शिवताना सुईचा जोर टिकला पाहिजे. स्वस्त मोटर कमी वेगात दमते, मग पायडल जास्त दाबावं लागतं आणि मशीन एकदम धावत सुटतं.

दुकानात जाताना आपल्याच कापडाचे आणि भरणीचे तुकडे घेऊन जा. वर लाल आणि खाली पिवळा दोरा लावायला सांगा. गाठ भरणीच्या आत बसली तर वरून फक्त लाल दिसतो, खालून फक्त पिवळा. खालच्या बाजूला लाल ठिपके दिसले तर वरचं टेन्शन सैल आहे. ते फिरवून ठिपके आत जातात का पाहा. मग एकाच मापाच्या, फूटभर लांबीच्या दोन पट्ट्या न टाचता एकमेकींवर ठेवून शिवा आणि शेवटी वरची किती पुढे उरली ते पाहा. चार शिवणी एकत्र येतात त्या जाड कोपऱ्यावरून अगदी हळू जा. सुई नव्वद नंबरची मागा, आपल्याकडे तिलाच चौदा नंबर म्हणतात. नव्वद म्हणजे ०.९ मिलिमीटर जाडी. तीन थरांतून जाताना वाकणार नाही एवढी ती दणकट असते.

आणि सुरुवात बाळाच्या दुपट्याने करा. छत्तीस इंचाच्या दुपट्याच्या मधोमध शिवताना गाळ्यात अठरा इंचच गुंडाळावे लागतात. घरातलं जुनं मशीन, त्याला बसणारा वॉकिंग फूट आणि नवी सुई एवढ्यावर ते पुरं होतं. दोन-तीन दुपट्यांनंतर अडचण गाळ्याची आहे, मोटरची आहे की आपल्या टाचण्याची, हे नीट कळतं. त्यानंतर दुकानात गेलात तर विक्रेता डिझाइन मोजून दाखवत असताना तुम्ही इंच मोजत असाल.