श्वानांच्या भौतिकोपचारातील व्यायाम व चालीची जैवयांत्रिकी : शेळगाव परिसराच्या संदर्भात

प्रस्तावना :
इंदापूर तालुक्यातील शेळगावसारख्या शेतीप्रधान गावात कुत्रा हा शेताचा, गोठ्याचा आणि मेंढरांच्या कळपाचा राखणदार असतो. वाहनाची धडक, अस्थिभंग किंवा वार्धक्यातील संधिवात यांमुळे तो लंगडू लागला, तर त्याला मोकळे सोडणे किंवा सतत बांधून ठेवणे हे दोन्ही मार्ग अपायकारक ठरतात. मोकळ्या धावण्यात दुखऱ्या सांध्यावर अनियंत्रित भार येतो, तर बांधून ठेवल्याने स्नायू क्षीण होतात व सांधे आखडतात. नियंत्रित व्यायाम हा यांतील मध्यम मार्ग होय. कोणता व्यायाम कोणत्या सांध्यावर कसा परिणाम करतो, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

चालीची मूलतत्त्वे :
उभ्या कुत्र्याच्या शरीरभारापैकी सुमारे ६० टक्के भार पुढच्या व ४० टक्के भार मागच्या पायांवर असतो. म्हणजेच २० किलो वजनाच्या कुत्र्याच्या प्रत्येक मागच्या पायावर साधारण ४ किलो भार येतो. संथ चालीत चारही पाय क्रमाने टेकले जातात. दुडक्या चालीत कर्णरेषेतील दोन पाय एकाच वेळी टेकतात व प्रत्येक पायावरील कमाल भार संथ चालीपेक्षा बराच वाढतो. शिवाय वेगात कुत्रा दुखरा पाय उचलून तीन पायांवर धावू शकतो. संथ चालीत मात्र तो पाय टेकवणे त्याला भाग पडते. म्हणूनच उपचाराचा प्रारंभ आखूड दोरीने, संथ चालवण्यापासून होतो.

व्यायाम आणि सांध्यांच्या हालचाली :
व्हिएन्ना येथील संशोधकांनी २०१० मध्ये निरोगी कुत्र्यांच्या चालीचे मापन प्रसिद्ध केले. चढावर चालताना खुब्याचा सांधा अधिक वाकतो, उतारावर तो कमी वाकतो. तर बुटक्या अडथळ्यांवरून जाताना कोपर, मनगट, गुडघा व घोटा हे सांधे अधिक वाकतात, असे त्यात आढळले. चढावर भार मागे सरकत असल्याने मागच्या पायांचे स्नायू बळकट होतात. उतारावर भार पुढे सरकतो. म्हणून पुढचा पाय दुखावला असल्यास उतार टाळावा. बसून उठण्याच्या व्यायामाने खुबा व गुडघा सरळ करणाऱ्या स्नायूंना बळ मिळते.

पाण्याची उत्प्लावकता सांध्यांवरील भार हलका करते. पाणी घोट्यापर्यंत असता पायांवर शरीरभाराच्या सुमारे ९१ टक्के, गुडघ्यापर्यंत असता ८५ टक्के, तर खुब्यापर्यंत असता अवघा ३८ टक्के भार येतो. म्हणजे उथळ पाण्यात भार फारसा घटत नाही. खरा फरक पाणी खुब्यापर्यंत पोहोचल्यावरच पडतो.

ग्रामीण परिस्थितीतील उपयोजन :
या व्यायामांसाठी महागडी यंत्रे अनिवार्य नाहीत. रस्त्याचा मंद चढ, समान अंतरावर आडवे ठेवलेले बांबू किंवा जुने पाइप एवढी साधने पुरेशी आहेत. अडथळ्याची उंची प्रारंभी कुत्र्याच्या मनगटापेक्षा कमी असावी, अन्यथा तो ओलांडण्याऐवजी उडी मारतो आणि व्यायामाचा हेतूच नष्ट होतो. पाण्यासाठी मात्र विशेष दक्षता हवी. बारामती व इंदापूर तालुक्यांतून नीरा डावा कालवा वाहतो. परंतु वाहत्या प्रवाहात दुबळा प्राणी तोल गमावतो. शेततळ्याच्या निसरड्या प्लॅस्टिक अस्तरावरून त्याला वर चढता येत नाही. त्यामुळे ही दोन्ही ठिकाणे वर्ज्य मानावीत. उथळ, सपाट व खरखरीत तळाचा हौद अधिक सुरक्षित ठरतो. जखम पूर्ण भरल्याशिवाय तोही वापरू नये.

निदानापूर्वी कोणताही व्यायाम सुरू करणे धोक्याचे आहे. अस्थिभंग किंवा गुडघ्यातील अस्थिबंध तुटल्याची शंका असल्यास प्रथम पशुवैद्यकाकडून तपासणी आवश्यक आहे. शिरवळ येथील क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय व मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय (स्थापना १८८६) या राज्यातील पशुवैद्यकीय शिक्षणसंस्था होत.

निष्कर्ष :
व्यायाम हे औषधाप्रमाणेच मात्रा ठरवून द्यावयाचे साधन आहे. 'कुत्र्याला किती चालवावे' या प्रश्नाआधी 'कोणत्या सांध्यासाठी, कोणत्या पृष्ठभागावर, किती वेगाने चालवावे' हा प्रश्न विचारला पाहिजे. व्यायामानंतर लंगडणे वाढले, तर मात्रा अधिक झाली असे समजून ती कमी करावी. जैवयांत्रिकीचे हे तत्त्व महाविद्यालयीन विस्तारकार्यातून पशुपालकांपर्यंत पोहोचल्यास अनेक मुक्या प्राण्यांचे कायमचे अपंगत्व टळू शकेल.